तिसरी शून्यं

गाडी थकली हे तुम्हाला कोण सांगतं, आणि त्याच्या शब्दावर तुम्ही विश्वास का ठेवता?

आम्ही मीटरवर ठेवला होता. आमच्या संघटनेची जीप माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. पत्रकांचे गठ्ठे, भोंगा आणि माणसं भरून ती नांदेडहून किनवट-माहूरला जायची, तशीच लातूर-मुरुडलाही. चालवायचे माझे वडील, म्हणजे अण्णा. पत्रकंही तेच लिहायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवरच गिरवली. ‘जाब विचारा’ हे मी लिहिलेले पहिले दोन शब्द.

गाडी कधी विकायची यावर दरवर्षी भांडणं व्हायची, म्हणून एका बैठकीत हात वर करून ठराव झाला. जीपचा मीटर पाच आकड्यांचा. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर सगळी शून्यं. अशी शून्यं तिसऱ्यांदा आली की गाडी विकायची, मग ती कितीही चांगली चालत असो.

दुसऱ्यांदा शून्यं आली तेव्हा मी बारा वर्षांची होते. मुरुडच्या अलीकडे अण्णांनी गाडी बैलगाडीसारखी हळू केली आणि आम्ही सगळे पुढच्या सीटवर वाकलो. आकडे फिरले तसं मागून कोणीतरी ओरडलं, “अण्णा, नारळ फोडा की!”

“नारळ न्हाई, भजे,” अण्णा म्हणाले. “देवळाबाहेर नवसाविरुद्ध पत्रकं वाटणारे आपुन, कोणत्या तोंडानं नारळ फोडावं?”

मुरुडला उभ्यानं भजे खाल्ले. बोलल्याप्रमाणे वागणारी माणसं जगात फक्त आमच्याकडेच आहेत, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

तिसरी शून्यं आलीच नाहीत. मीटर नव्याण्णव हजार चारशे बारावर थांबला. “केबल तुटली,” अण्णा म्हणाले, “जुन्या गाडीची मिळत न्हाई.” तीन वर्षं काटा मेलेला आणि जीप रोज रस्त्यावर. एका कागदासाठी तहसीलदाराला तासभर उभं करणारी आमची माणसं; केबल कुठल्या दुकानात शोधली, एवढंही त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात किनवटकडच्या एका वसतिगृहातल्या सात मुलींना आम्ही माहूरला शिबिराला नेलं होतं. परत येताना भर दुपारी उतारावर अण्णांचा ब्रेकवरचा पाय पार तळापर्यंत गेला. “धरून बसा,” अण्णा एवढंच म्हणाले. गिअर पाडत पाडत त्यांनी गाडी कडेच्या मुरमाच्या ढिगात घातली. माझ्या शेजारी आठवीतली एक मुलगी होती. तिचा हात सीट आणि लोखंडी दांडीच्या मध्ये सापडून मोडला. ती रडली नाही. म्हणाली, “ताई, माह्या बापाला सांगू नका. पुन्हा पाठवणार न्हाई मला.”

जीप ओढून नांदेडला आणली. आमचा नेहमीचा मिस्त्री ब्रेक पाहून झाल्यावर मीटरच्या मागं हात घालून म्हणाला, “ताई, केबल कुठं तुटली? खोलून ठेवली की. चांगली हाय.” त्यानं टोक बाहेर ओढलं. धूळ जाऊ नये म्हणून त्यावर आमच्याच पत्रकाची पट्टी गुंडाळली होती आणि वरून सुतळीच्या धाग्याची गाठ होती. दोन वेढे आणि शेपूट आत खोचलेलं. पत्रकांचे गठ्ठे आम्ही असेच बांधतो. ही गाठ मला अण्णांनी शिकवली.

“अन् ब्रेक?” मी विचारलं.

“ब्रेकचं तर लई दिवसापासून सांगून राहिलो अण्णांना. म्हणले, राहू दे, शून्यं आले की विकायचीच हाय.”

घरी अण्णा कागद लावत बसले होते.

“केबल तुम्ही काढली?”

“हाव.”

“का?”

“ही विकली असती तर दुसरी आली नसती. मग किनवटला कोण गेलं असतं? तू? एसटीत भोंगा घेऊन?”

“हे बैठकीत सांगायचं होतं.”

“सांगितलं असतं, अन् तरी विकायच्या बाजूनं हात वर झाले असते तर?”

ज्या माणसानं मला हात वर करायला शिकवलं, तो तीन वर्षं त्याच हातांना भीत होता. त्या भीतीपायी त्यानं सात मुली उतारावर घातल्या, आणि वर मलाच विचारत होता, मग काय करायचं?

लातूरच्या बैठकीत मी सगळं सांगितलं. अण्णा समोर बसले होते. मग एक ज्येष्ठ म्हणाले, “पोरी, बापाचं असं चारचौघात काढतेत का?” दुसरे हसले, “आता पत्रक छापतीस का याच्यावर?” ठराव झाला: ब्रेक नवे टाकावेत, केबल जोडावी, शून्यं येईपर्यंत गाडी चालवावी, आणि विरोधकांना आयतं बोलायला नको म्हणून हा विषय बाहेर नेऊ नये. हात वर झाले. अण्णांचाही. माझा खालीच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं त्या मुलीच्या गावी गेले. तिनं नको म्हटलं होतं, तरी तिच्या वडिलांना केबलचं, ब्रेकचं, ठरावाचं सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “त्या बैठकीत आमच्यातलं कोणी होतं का?”

नव्हतं. कधीच नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांना बोलवावं असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

तुमच्या शाळेची, मंडळाची, संस्थेची अशी एखादी म्हातारी गाडी असेल. ती अजून चालवायची की मोडीत काढायची, हे तिच्यात मागं बसणाऱ्यांना आणि त्यांच्या आईबापांना विचारल्याशिवाय ठरवू नका. पुढच्या बैठकीचं बोलावणं आजच त्यांच्या घरी पोचवा.