साडूंचे तीन पट्टे

साऱ्या नाशकात पुराकडे पाठ करून उभा राहणारा एकच माणूस असेल, आणि तो माझा साडू आहे. गोदावरी फुगली की लोक भजी बांधून घेऊन नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला कुठवर पाणी लागलं ते बघायला धावतात. साडू म्हणतात, "मारुती समुद्र ओलांडून गेलाय, त्याची काळजी नको. आपल्या गाद्यांना पोहता येत नाही." नदी भरली की आमच्या गल्लीमागच्या नाल्याला वाट मिळत नाही आणि तो उलटा फुगतो. म्हणून त्यांनी नाल्यावरच्या पुलाच्या खांबावर तीन पट्टे रंगवले. पिवळ्याला पाणी टेकलं की चपला उचलायच्या, केशरीला गाद्या, लालला माणसं. पावसाळाभर त्यांच्या खांबाकडे खेपा चालू. एका लग्नात तर पंगतीतून उठून जिलबी हातात घेऊनच गेले.

गेल्या वर्षी मात्र पाणी केशरीच्या खाली असतानाच त्यांनी हाक दिली. गल्लीने गाद्या गच्चीवर नेल्या, नाला जागीच थांबला आणि गाद्या वरच्या पावसाने भिजल्या. तेव्हापासून ते दिसले की कोणीतरी विचारायचंच, "काका, आज गाद्या धुवायच्या का?"

यंदा धरणातून पाणी सुटलं. दुपारी गल्ली पूर बघायला निघाली, तर साडू तोंडाशीच छत्री आडवी धरून उभे. "केशरीला टेकलंय. कोणी हलायचं नाही."

"काका, मारुतीच्या छातीला लागलंय, जाऊ द्या की!"

सगळे हसले. पण गल्ली रिकामी झाली असती, तर तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेल्या शेखचाचांना उचलायला माणसं उरली नसती. तेवढ्यात चाची दारातून ओरडल्या, "भाईसाब, आमच्या ह्यांना आधी उचला. हसणाऱ्यांचं नंतर बघू!"

हसू थांबलं. चौघांनी चाचांना खाटेसकट जिन्यावरून वर नेलं. गाद्या या खेपेला गच्चीवर नाही, वरच्या मजल्यांवरच्या घरांत गेल्या. माझ्या हॉलमध्ये तर छतापर्यंत थप्पी लागली. चहा उकळेपर्यंत पाणी गल्लीत शिरलं आणि बघता बघता तळमजल्याच्या खिडक्यांना लागलं. एक माणूस अडकला नाही, एक गादी भिजली नाही. साडू जिन्यावरून गरजले, "आता बघा पूर घरबसल्या! भजी कुठायत?" वरच्या सगळ्या स्वयंपाकघरांत कढया चढल्या. पहिला घाणा चाचांना.

आता खांब बघायला गल्लीने पाळ्या लावल्यात, कारण साडूंचे गुडघे उतार मानत नाहीत. माझ्या पाळीला मी खाली जातो, पट्ट्याखाली किती बोटं जागा उरली ते मोजतो आणि येऊन सांगतो. पूर्वी दुसऱ्याच्या मोजणीवर त्यांनी विश्वासच ठेवला नसता. स्वतः बघून आले असते. आता खुर्चीतूनच "बरं" म्हणतात. ते "बरं" ऐकलं की मी मुकाट्याने पुन्हा एकदा उतरतो आणि बोटं परत मोजतो.