मावशीचं खरं दुखणं

माझी मावशी शिवकांता उदगीरची. गावापासून चार किलोमीटरवरच्या एका खेड्यात ती अंगणवाडी चालवायची. लेकरांना वजनकाट्यात बसवायचं, खिचडी शिजवायची, बाळंतिणींना दामटून खाऊ घालायचं, आणि रोज पायी जायचं-यायचं. घरात कानडी, अंगणवाडीत मराठी आणि रागावताना दोन्ही, असं तिचं बोलणं.

लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं त्या उन्हाळ्याच्या वर्षभर आधी तिच्या छातीत दुखायला लागलं. चालताना क्वचित दुखायचं. बहुतेकदा ती नुसती बसलेली असायची, तांदूळ निवडत नाही तर रजिस्टर भरत, आणि कोणीतरी छातीवर पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. पंधरा-वीस मिनिटांनी कळ ओसरायची. वीरण्णाकाका, म्हणजे तिचे यजमान, तिला लातूरला घेऊन गेले. तिथं अँजिओग्राफी झाली. हृदयाच्या नळ्या एकदम मोकळ्या निघाल्या. मनाला फार लावून घेऊ नका, असं सांगून डॉक्टरांनी शांत झोपेची गोळी दिली.

घरी आल्यावर खरा मनस्ताप सुरू झाला. दुखणं तर थांबलं नव्हतं, आणि आता ते खोटं ठरलं होतं. गल्लीत बारा-पंधरा दिवसांनी टँकर यायचा. एकदा रांगेत उभी असताना मावशीला कळ आली आणि ती ओट्यावर टेकली. शेजारच्या केवळाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "टँकर दिसला की शिवकांताच्या छातीत दुखतंय बघा." बायका हसल्या. त्या दिवसापासून मावशी रांगेतून हलेना. कळ आली तरी घागरीवर हात ठेवून उभी राहायची.

काकांनी हे माझ्या आईला, महादेवीला, फोनवर सांगितलं. आम्ही नांदेडला राहतो. आई म्हणाली, अक्काला इकडं घेऊन या, आणि येताना अँजिओग्राफीची सीडी आणा.

नांदेडचे डॉक्टर शेषेराव कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि सीडी लावली. मग पुन्हा लावली. पडद्यावर काळसर औषध हृदयाच्या नळ्यांत शिरत होतं. त्यांनी मला खुर्ची जवळ ओढायला सांगितलं आणि बोटानं दाखवलं, की हे औषध झर्रकन टोकाला पोचायला हवं, इथं ते रेंगाळतंय. नळी कुठंच तुंबलेली नाही, तरी रक्त सावकाश चाललंय. काहींना त्याचा त्रास होत नाही, काहींना होतो. हृदयाच्या मांसाला रक्त पुरतंय की नाही, हे पाहायला एक वेगळा स्कॅन लागतो. त्यासाठी हैदराबादला जावं लागेल.

काकांनी तिकिटं काढली. मीही सोबत गेले.

तिथं मावशीला आधी चालत्या पट्ट्यावर चालवलं. रोज आठ किलोमीटर चालणारी बाई, तिला त्याचं काय कौतुक? शेवटी पट्टा चढाला लागला तेव्हा मात्र तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात शिरेतून औषध दिलं. त्यात किंचित किरणोत्सर्ग असतो. रक्त जिथं जातं तिथं ते जातं, आणि कॅमेरा त्याचं चित्र काढतो. मग तास-दीड तास थांबायचं होतं. तिथल्या नर्सनं पाण्याच्या दोन बाटल्या हातात दिल्या आणि सगळं पाणी संपवायला सांगितलं, म्हणजे औषध लघवीवाटे लवकर निघून जातं. मावशी बाटलीकडं बघत बसली.

"एवढं पाणी नुसतं मुतून टाकायचं?" ती मला हळूच म्हणाली. उदगीरला त्या आठवड्यात टँकर आला नव्हता.

नर्स बीदरची निघाली. तिनं कानडीत दटावलं तेव्हा कुठं मावशीनं बाटल्या संपवल्या. मग ती हात डोक्यावर घेऊन निजली आणि कॅमेरा तिच्या छातीभोवती हळूहळू फिरला. दुसरा फेरा आरामातला, म्हणजे न चालवता चित्रं काढायचा, तो काही तासांनी झाला. आजचा दिवस लहान लेकरांना जवळ घेऊ नका, असं निघताना सांगितलं. परतीच्या गाडीत समोरच्या बाईचं तान्हं मावशीकडं झेपावत होतं आणि ती हात मागं बांधून त्याला नुसतीच हसवत होती.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा डॉक्टर शेषेरावांपुढं बसलो. रंगीत चित्रं होती. आरामातलं हृदय सगळीकडून केशरी-पिवळं. चालल्यानंतरच्या चित्रात एका बाजूला निळसर डाग. तिथं रक्त कमी पडतंय, डॉक्टर म्हणाले.

मावशीनं चित्र बराच वेळ पाहिलं. "पाइप हाय, नळ हाय, प्रेशर न्हाई. असंच ना?"

"असंच."

"म्हंजे माझं दुखणं खरं हाय?"

"खरं आहे. पहिल्यापासून खरं होतं."

मावशी हसायला लागली. पदर तोंडाला लावला तरी थांबेना. आपल्याला हृदयाचं दुखणं आहे हे ऐकून इतकी खूष झालेली बाई डॉक्टरांनी पाहिली नसावी; त्यांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं आणि तेही हसले.

उदगीरला पोचल्यावर तिनं गल्लीत पेढे वाटले. पहिला पेढा केवळाबाईंना. त्यांना ओट्यावर बसवून तिनं निळा डाग दाखवला. केवळाबाईंनी चित्र उलटसुलट करून पाहिलं आणि पुढच्या टँकरला मावशीच्या दोन घागरी स्वतः उचलून आणल्या. त्या दिवसांत उदगीर जिल्हा होणार अशी चर्चा रंगली होती. काका हॉटेलात सांगत सुटले, जिल्हा झाला तर कलेक्टर नंतर आला तरी चालेल, आधी तो कॅमेरा आणा.

डॉक्टर शेषेरावांनी दिलेल्या गोळ्यांनी गुण यायला दोन-तीन महिने गेले. आधी रोजची कळ आठवड्यावर गेली, मग महिन्यावर. वर्षानं डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन करायला लावला. निळा डाग विरून अगदी फिका झाला होता.

त्या खेपेला हैदराबादहून परतीची गाडी स्कॅनच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळची होती. मावशी म्हणाली, लेकरांना तक्त्यावरचा जिराफ वीस वर्षं दाखवत आले, खरा एकदा बघू तरी. आम्ही प्राणिसंग्रहालयात गेलो. तासाभरात काका बाकावर बसले, नंतर मीही बसले. मावशी एकटीच पिंजऱ्यामागून पिंजरा बघत पुढं गेली आणि पार दुपार कलल्यावर परत आली.

गाडीत काका पाय चोळत होते. मावशी शेजारच्या अनोळखी बाईला पाणघोडा तोंड किती उघडतो ते दोन्ही हात पसरून सांगत होती.