थोरल्या भावाचं झोपेतलं पिठलं

पिठलं करपल्याचा वास आला की मला उमरीचं थोरल्या भावाचं घर आठवतं. भावाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता, म्हणून नांदेडच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली, आणि तो असा घोरायला लागला की पत्र्यावरची मांजरं घर सोडून गेली. मी मुक्कामाला होतो त्या सकाळी ओट्यावर कढईभर पिठलं, बेसन सांडलेलं आणि भावाच्या मिशीला हळद! जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या न घेतलेला हा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला, "म्या न्हाई केलं!" मला तर फुकटात नाटक बघायला मिळालं. पण कढईच्या तळाचा कोळसा झाला होता; वासाने वहिनीला जाग आली म्हणून गॅस बंद तरी झाला. डॉक्टर म्हणाले, या गोळीने काही जण झोपेत उठून कामं करतात आणि सकाळी त्यांना काही आठवत नाही, तेव्हा ही बंद. भाऊ रडकुंडीला आला, "साहेब, लई दिवसांनी झोपून राहिलो हो!" वहिनी म्हणाली, "पिठलं चांगलं झालतं, पर घर जळालं तर झोपताल कुठं?" दुसरी गोळी मिळाली, झोप थोडी कमी, पण माणूस जागच्या जागी. परवा माझीही झोप उडाली म्हणून त्याच डॉक्टरांकडे गेलो, तर मी बसायच्या आत बायको म्हणाली, "डॉक्टरसाहेब, थोरल्या भाऊजींना आधी दिलेली तीच द्या. सिलिंडर मी बंद करून झोपते, हे झोपेत भांडी तरी घासतील!"