चित्रातले पाच आकडे

सहाला फॉर्म बंद होणार होता आणि माझ्या फोनने नुकतंच सांगितलं होतं, पाच वाजून पस्तीस मिनिटं.

वडगावच्या एका कार्यालयात कारकुनाची जागा निघाली होती. अंधांसाठी राखीव, फक्त एक. मी जन्मापासून आंधळी. स्क्रीनवर जे असेल ते फोनमधला आवाज मला वाचून दाखवतो, त्याच्याच जोरावर माझं बीए झालं. मागच्या वर्षी असाच एक फॉर्म तळेगावच्या सायबरवाल्याकडून भरून घेतला. मी काठी घेऊन त्याच्या पुढ्यात बसलेली, तरी त्या शहाण्याने ‘दिव्यांग आहात का’ यापुढे ‘नाही’ लिहिलं आणि अर्ज बाद झाला. तेव्हाच ठरवलं, यापुढे आपला फॉर्म आपणच भरायचा.

पण या वेबसाइटवाल्यांनी बटणांना नावंच दिली नव्हती. आवाज नुसता म्हणायचा, “बटण. बटण. बटण.” कुठलं पुढे नेणारं आणि कुठलं सगळं पुसणारं, देव जाणे. एकदा पुसलं गेलंच. पुन्हा नाव, जन्मतारीख, टाकवे बुद्रुकचा पत्ता, सगळं पहिल्यापासून. कशीबशी शेवटाला पोचले तर आवाज म्हणाला, “चित्रातले आकडे लिहा.” आणि मग, “चित्र.” बस्स. कधीकधी असे आकडे ऐकवायची सोय असते, इथे तीही नव्हती.

घरात आम्ही दोघीच. आई गुलाबाच्या पॉलीहाऊसवरून नुकतीच आली होती. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, पण आकडे तिला नीट वाचता येतात.

“आई, लवकर ये. या चित्रात काय लिवलंय सांग.”

ती शेजारी टेकली. “कुटं?”

“हितं, समोरच.”

“कायबी न्हाई गं.”

“असं कसं? नीट बघ ना!”

“बघतीया की. काळंच हाय समदं.”

आवाज तर मला चित्र आहे म्हणून सांगत होता. माझं डोकं फिरलं. “चष्मा लाव! डोळे फाडून बघ जरा!”

ती उठली आणि तिची पावलं दाराकडे गेली. दहा मिनिटं उरली होती आणि ही बाई दारात! “आता कुटं निघालीस?” मी ओरडले. ही जागा गेली तर पुन्हा कधी निघेल याचा भरवसा नव्हता, आणि आईने अजून किती वर्षं गुलाब तोडायचे?

ती परत येऊन बसली. हळूच म्हणाली, “फोन बंद तर न्हाई ना गं?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आम्हा अंधांसाठी फोनमध्ये स्क्रीन पूर्ण काळी ठेवायची सोय असते. आवाज तेवढा चालू राहतो. सहासीटर रिक्षात शेजारचे लोक खुशाल माझे मेसेज वाचतात, म्हणून मी ती लावून ठेवली होती आणि पार विसरून गेले होते. मला कुठे फरक पडत होता! आणि मी आईला म्हणत होते, नीट बघ.

स्क्रीन चालू केली.

“दिसलं!” आई एवढ्या जोरात म्हणाली की मी दचकले. “चार, नऊ, दोन... ह्ये वाकलंय, सात आसंल. मंग पाच.”

लिहिलं. चुकलं. नवे आकडे आले. तीनच मिनिटं उरली. या खेपेला तिने फोन उंबऱ्यापाशी उजेडात नेला, एकेक आकडा दोनदा वाचला. मी बटण दाबलं. थोड्या वेळाने मेसेज आला: अर्ज मिळाला.

मला हसू फुटलं. आई हसली नाही.

“मघाशी दारात कशाला गेलतीस?” मी विचारलं.

“समोरची म्हैस दिसतीया का, ते बघाया,” ती म्हणाली. “तू येवढं ठासून सांगत व्हतीस, चित्र हाय म्हणून. मला वाटलं, माजंबी डोळं गेलं. मंग दोघींचं कसं व्हायचं?”