जप्तीतली खुर्ची

तिचं नाव फाईलवर होतं, पण आम्ही तिला 'पोचवाली' म्हणायचो. धुळ्याच्या आमच्या सरकारी कार्यालयात ती पिंपळनेरहून एसटीने यायची. अर्ज द्यायची आणि "पोच दे भाऊ" म्हणत माझ्या टेबलाची कड धरून उभी राहायची. पोचेवर शिक्का पडला की शाई वाळेपर्यंत ती त्यावर फुंकर घालायची आणि मगच कागद पिशवीत ठेवायची.

पाइपलाइनसाठी आम्ही खणून उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात पडून तिचा पाय कायमचा अधू झाला होता. तिने सरळ सरकारवरच दावा लावला. 'लोकहिताच्या कामात झालेल्या अपघाताला शासन जबाबदार नाही,' हे आमचं उत्तर मीच टाईप केलं होतं, आणि चांगलं तोऱ्यात केलं होतं. कोर्टाने ते फेटाळलं. भरपाईचा हुकूम झाला, तोही आम्ही फायलींखाली दाबून ठेवला.

मग एका सकाळी ती बेलिफाला घेऊनच आली. जप्तीत साहेबांची खुर्ची गेली, माझीही गेली. पंचनाम्याची नक्कल हातात घेऊन तिने शिक्क्यावर फुंकर घातली. मी टेबलाची कड धरून उभा होतो. इतक्या वर्षांत तिला 'बसा' म्हणायचं मला एकदाही सुचलं नव्हतं.

व्हरांड्यात काढून ठेवलेल्या माझ्या खुर्चीकडे बोट दाखवत ती म्हणाली, "बठ भाऊ. कोर्टनी शे ती, पन बठ. तुना पाय दुखतीन."