चाळीसची पाटी

तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच हे तुम्हाला सांगू शकतोय. ओळखीच्यांपैकी कुणालाही मी हे सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलाला तर नाहीच. आणि कुणाला कळलंही नसेल, असंच इतके दिवस धरून चाललो होतो.

मी चिखलीच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो. आता बुलढाण्याला राहतो. मुलगा नितीन मेलबर्नला असतो. सून वैशाली तिथेच नर्स आहे — दवाखान्यात नाही, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन. कुणाला इंजेक्शन द्यायचं, कुणाची जखम बांधायची, की निघाली पुढच्या घरी. गाडीशिवाय ते काम होतच नाही. हे आधीच सांगून ठेवतो.

वैशाली देऊळघाटची. बापाच्या ट्रॅक्टरवर गाडी चालवायला शिकलेली. सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली घेऊन ती बाजारात यायची, तेव्हा लोक वळून बघायचे. आम्ही तिला बघायला गेलो, तेव्हाही ती शेतातून ट्रॅक्टर घेऊनच अंगणात शिरली होती. बायको जरा दचकली. मला मात्र ते फार आवडलं होतं.

नातू झाला, वैशालीची रजा संपली, तेव्हा त्याला सांभाळायला आम्ही दोघं मेलबर्नला गेलो. मला तिथल्या रस्त्यांचं वेडच लागलं. हसू नका — ज्यानं आयुष्यभर खड्डे चुकवत स्कूटर चालवली, त्याला वेड लागणारच. नितीनला विचारून विचारून मी सगळं समजून घेतलं. चुकीला दंड तर आहेच, पण वर लायसनवर पॉइंट चढतात. ठरावीक पॉइंट भरले की लायसन काही महिने बंद. फिनलंडमध्ये म्हणे दंड पगार बघून लावतात. जर्मनीत काही रस्त्यांवर वेगाला मर्यादाच नाही, पण गावात शिरलं की एकही जण मस्ती करत नाही. मी ऐकायचो, आणि मनात आपल्या रस्त्याशी ताडून बघायचो. आपल्याकडे पोलिसांची गाडी निंबाखाली उभी असली की समोरून येणारा दिवे मारून सावध करतो. आपण तेवढ्यापुरते हळू होतो. निंब मागे पडलं की पुन्हा आहेच.

"बाबा, इथं पोलीस शोधत बसू नका," नितीन सांगायचा. "इथं कॅमेरा असते."

मी मान डोलवायचो.

सुट्टीच्या दिवशी तो मला शेजारी बसून गाडी चालवू द्यायचा. स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे, त्यामुळे अवघड काही नव्हतं. फक्त एक अट — एकट्यानं जायचं नाही. आता, ज्या माणसानं साऱ्या शाळेला अटी घातल्या, त्याला पोरानं अट घालावी? मला ते टोचत होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. होतं, म्हणून सांगतो.

त्या दुपारी नितीन ऑफिसला गेलेला. बायको बाळाला ढकलगाडीत घालून बागेत गेलेली. वैशाली आदल्या रात्री एका आजारी आजीजवळ थांबून पहाटे आली होती, आतल्या खोलीत गाढ झोपली होती. तिच्या गाडीची किल्ली दाराजवळच्या खुंटीला होती.

कशासाठी नेली? — काही आणायला नव्हे. नुसतीच नेली. गुळगुळीत रस्ता, मधे बकरी नाही, बैलगाडी नाही, कुणी हॉर्न वाजवत नाही. मला वाटलं मी तरुण झालो. एका वळणानंतर शाळा आली. चाळीसच्या वेगमर्यादेची पाटी होती, तिच्यावरचे शाळेच्या वेळेचे दिवे लुकलुकत होते. आणि इथं मला खोटं बोलता येणार नाही — ती पाटी मला दिसली. मी काय केलं? मी पोलीस कुठं दिसतो का ते बघितलं. रस्त्याच्या या कडेला बघितलं, त्या कडेला बघितलं. कुणी नव्हतं. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय होता तिथंच ठेवला. मी — ज्यानं शाळेच्या फाटकासमोर स्पीडब्रेकर व्हावा म्हणून बांधकाम खात्यात खेटे घातले होते!

घरी आलो. किल्ली खुंटीला लावली. वैशाली अजून झोपलेलीच होती.

काही आठवड्यांनी नोटीस आली. गाडी वैशालीच्या नावावर, म्हणून नोटीसही तिच्या नावानं. गाडी दुसरा कुणी चालवत असेल तर त्याचं नाव कळवा, अशी सोय त्यात होती. नितीननं ते मोठ्यानं वाचलं. तिचे काही पॉइंट आधीच भरलेले होते — पेशंटकडे पोचायच्या घाईत. या नोटिशीनं उरलेले भरत होते.

मी स्वयंपाकघरात लसूण सोलत बसलो होतो. इतक्या जवळ, की हात लांब केला असता तर तो कागद मला घेता आला असता.

"शाळेजवळ? तुले अक्कल हाय का नाही?" नितीन बोलला. रागावला की त्याला वऱ्हाडी फुटते. "उद्या आपलं पोरगं त्याच शायेत जाईन."

वैशालीनं कागद हातात घेऊन पुन्हा वाचला. "मले तर आठवूनच नाही राह्यलं," ती म्हणाली. "पण गाडी मीच चालवतो नं. मीच असन."

आता ऐका. मला महिनाभरात परत यायचंच होतं. माझं नाव कळवलं असतं तर माझं काय बिघडणार होतं? बुलढाण्यात मला कुणी त्या पॉइंटचा हिशेब विचारणार होतं का? फक्त नितीननं माझ्याकडे एकदा बघितलं असतं. तेवढंच. त्या एका नजरेला मी घाबरलो.

गप्प बसलो असतो तरी एक वेळ ठीक. पण मी बोललो. म्हणालो, "जाऊ दे रे. होते चूक माणसाच्या हातून. पोरीले बोलू नको."

तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे भरून आले होते तिचे. माझे उपकार वाटले होते तिला.

लायसन बंद झालं. घरोघरी जायचं काम सुटलं. बसनं पोचता येईल अशा एका वृद्धाश्रमात तिनं मिळेल ती पाळी धरली. आम्ही निघालो त्या दिवशी सामान गाडीत ठेवून ती मागच्या सीटवर बसली, तिच्याच गाडीत. पुढं लायसन परत मिळालं, पण नितीन फोनवर म्हणाला, "आता ती चालवतच नाही बाबा, भेव वाटते म्हणते." मी म्हणालो, "सवय होईल." दुसरं काय म्हणणार होतो?

एवढ्यावर थांबलं असतं तरी माझ्यापुरतं पुष्कळ होतं. पण रस्ता सुरक्षा सप्ताहात मला भाषणाला बोलवायला लागले. सर परदेशात राहून आले, सरांना तिथले कायदे माहीत. पहिल्याच भाषणात पोरं चुळबुळ करायला लागली, आणि माझ्या तोंडून गेलं — "माझ्या सख्ख्या सुनेचं लायसन गेलं! तिथं ओळख चालत नाही, फोन चालत नाही!" पोरं गप्प झाली. टाळ्या पडल्या. त्यानंतर दर वर्षी तेच. लोक त्याच गोष्टीसाठी बोलवत. नाही म्हणावं तर कारण काय सांगू? आणि सांगावी, तर दर वेळी ती पोरगी नव्यानं त्या शाळेसमोरून जोरात जायची, आणि तिला जायला लावणारा मीच.

एकदा देऊळघाटच्या शाळेत बोलावणं आलं. शेवटच्या रांगेत वैशालीचे वडील बसले होते. मला ते उशिरा दिसले — गोष्ट अर्धी झाली होती. मी थांबलो नाही. नाव घेतलं नाही एवढंच, पण माझी सून कुणाची लेक, ते गावात सगळ्यांना माहीत. माना वळल्या. ते खाली बघत बसले, आणि चहा न घेताच निघून गेले.

या दिवाळीला वैशाली आली. नितीनला सुट्टी नव्हती, नातवाची शाळा होती, म्हणून एकटीच. तिला माहेरी सोडायला मी निघालो, आणि गाडीजवळ किल्ली तिच्यापुढं धरली. "नको मामाजी," ती म्हणाली, "तुमीच चालवा."

गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. ती खिडकीतून बघत होती. मग माझ्याकडे न वळताच म्हणाली, "मामाजी, मी नंतर माह्या ड्युट्या पाहिल्या होत्या. त्या दुपारी मी घरी झोपेल होतो."

बस. तेवढंच. आवाजात राग नव्हता. किती वर्षं तिनं हे नितीनला सांगितलं नाही? काऊन नाही सांगितलं? मी काहीच विचारलं नाही. तोंड उघडायला पुरेसा रस्ता होता. मी गाडी चालवत राहिलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "यंदा तूर चांगली हाय नं?" मी "हो" म्हणालो. त्या गाडीत माझ्या तोंडून निघालेला तो एकच शब्द.

अंगणात तिचे वडील वाट बघत उभे होते. त्यांनी लेकीला जवळ घेतलं, मग माझ्यापुढं हात जोडले. "सर, पोरगी आमची पयल्यापासून जोरात चालवाची. मीच लाडावून ठेवली. तुमी तिले सांभायून घेतलं, दुसऱ्या घरी बोल खाल्ले असते तिनं." आणि तिच्याकडे वळून म्हणाले, "पाया पड मामाजीच्या."

वैशाली माझ्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. तेव्हाही वेळ होती. व्याही समोर होते, ती समोर होती, आणि ते वाक्य केवढं? तीन-चार शब्दांचं.

ती वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि आशीर्वाद दिला.