आप्पांचा अर्धा मैल

आमच्या प्रकाशा गावाकडे कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या उपटून बांधावर टाकतात. कोणी मुद्दाम रचत नाही, पण होळीपर्यंत पुरुषभर ढीग होतो. आप्पांच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक जण एक टाकतो, दुसरा त्यावर आपली टाकतो. त्यातल्या निम्म्या घडलेल्याच नाहीत, पण आप्पा हसतात आणि गप्प बसतात, त्यामुळे ढीग वाढतोच आहे. मी मात्र डोळ्यांनी पाहिलेल्याच सांगणार. तालुक्याच्या क्रीडा संघाचा मी सेक्रेटरी होतो. का, तर मास्तर असल्यामुळे अक्षर बरं आणि खिशात शाळेचं स्टॉपवॉच!

आप्पा तापीकाठचे, केळीच्या मळेवाल्या घरातले. अर्धा मैल धावण्यात राज्यात पहिले आले, मग राजकारणात शिरले, दोनदा पंचायत समितीचे सभापती झाले, आणि आमच्या संघाचे अध्यक्ष तर कायमचेच. पण त्यांची खरी ओळख मैदानाच्या फळ्यावर पांढऱ्या रंगात लिहिलेली होती: ‘अर्धा मैल, दोन मिनिटांच्या आत.’ जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला ते जमलेलं नव्हतं. लग्नाच्या पत्रिका वाटणारेसुद्धा त्यांची ओळख करून देताना आधी ती दोन मिनिटं सांगायचे, मग नाव.

आप्पांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, त्याचं काडीचं कौतुक नव्हतं. एकदा मी घरी गेलो तर त्या चुलीपुढे बसून म्हणाल्या, “अर्धा मैल दोन मिंटमा पयतस म्हने. मीठ लेवाले गया व्हतात, त्याले दोन तास व्हयनात.”

*

पुण्याच्या राज्य स्पर्धेला आप्पांबरोबर मी गेलो होतो. अर्धा मैल म्हणजे दोन फेऱ्या. पहिली फेरी संपली की शेवटची सुरू झाल्याची घंटा वाजवतात. हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे शर्यतीत शिट्टी असायची.

आता प्रकाशाचा माणूस म्हणजे देवळांच्या सावलीत वाढलेला. कानावर घंटा पडली की डोकं विचार करायच्या आत हात जुळतात. पुण्याला घंटा वाजली, आणि आप्पांनी धावता धावता दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, मान लववली. तेवढ्यात दोघे पुढे निघून गेले. माझ्या शेजारचे पुणेकर गृहस्थ म्हणाले, “हा बहुतेक हार मानतोय.”

आप्पांनी डोळे उघडले आणि शेवटच्या वळणावर दोघांनाही गाठून पहिले आले. बक्षीस देणाऱ्या साहेबांनी विचारलं, मध्येच नमस्कार कोणाला केला? आप्पा संकोचून म्हणाले, “घंटा वाजनी म्हंजे हात जोडाईच जातस. त्याले कितला टाइम लागस?”

*

एकदा अक्कलकुव्याचे सामने आटोपून आम्ही एस.टी.नं परत निघालो. आप्पा बाजारात कोणाशी तरी बोलत राहिले आणि गाडी सुटली. मी आरडाओरडा करून थांबवायच्या आत मागून आप्पा धावत येताना दिसले. रस्ता चढाचा होता, गाडी जुनी होती. कुथत कुथत चालली होती. आप्पांनी तिला गाठलं.

गाठलं ते ठीक. पण पुढेही गेले! कंडक्टर खिडकीतून अर्धा बाहेर वाकून हाका मारतोय, “आप्पा, बसा ना आता.” आप्पा मागे न बघता म्हणाले, “हाऊ चढ व्हई जाऊ द्या. आते लय लागनी शे.” चढ संपल्यावर ते झाडाखाली उभे राहून आमची वाट बघत होते. कंडक्टरनं तिकीट मात्र अक्कलकुव्यापासूनचंच फाडलं.

*

पहिल्या निवडणुकीत विरोधकाकडे जीप होती, जीपवर भोंगा होता, आणि भाषण दीड तासाचं. आप्पांकडे सायकलवाले चार कार्यकर्ते. कार्यकर्ते गावात पोचेपर्यंत आप्पा शेतातून आडवे धावत येऊन, सभा उरकून, चहा पिऊन पुढच्या गावाला गेलेले असायचे. गावोगाव कार्यकर्त्यांना आप्पांचा कप तेवढा बघायला मिळायचा.

भाषणही दोन मिनिटांच्या आत. सवयच! एका गावात मी स्वतः घड्याळ लावून पाहिलं. आप्पा म्हणाले, विहीर पाहिजे, शाळेला छप्पर पाहिजे, मी करून देईन, राम राम. लोक बसूनच राहिले. पुढचा एक म्हातारा म्हणाला, “इतलंच शे का?”

आप्पा म्हणाले, “बाकीनं करीसन दखाडसू.” म्हातारा उठला, धोतर झटकलं आणि शेजाऱ्याला म्हणाला की हा निवडून आला तर निदान सभा तरी लवकर सुटतील. त्या गावानं आप्पांना भरभरून मतं दिली.

*

संघाच्या मीटिंगांना आमचे उपाध्यक्ष मणिलालशेठ यायचे. त्यांचा जिनिंगचा कारखाना होता आणि पोट त्या कारखान्याला शोभेलसं होतं. शेठ बोलायला लागले की चहाचे तीन राउंड व्हायचे. मग आप्पांनी नियम काढला. चहात न सुटलेला प्रश्न मैदानावर न्यायचा. सगळ्यांनी एक फेरी धावायची, आणि फेरीनंतर ज्याला बोलता येईल त्याचं म्हणणं मंजूर.

माझ्या प्रोसिडिंगच्या वहीत त्या काळातले सगळे ठराव ‘एकमताने मंजूर’ आहेत. विरोध करायला कोणात दम उरायचाच नाही. शेठ अर्ध्यातूनच गवतावर बसून हात वर करायचे. तो हात संमतीचा की पाणी मागण्याचा, याची मी कधी चौकशी केली नाही.

*

आता शेवटची. ही सांगताना मला अजून थोडं ओशाळल्यासारखं होतं, कारण तिच्यात माझाही हात आहे.

आमच्या मैदानावर जिल्ह्याचे सामने व्हावेत असं आप्पांच्या फार मनात होतं. बारा वर्षं मागे लागल्यावर परवानगी आली, पण अट होती की मोजणीदाराकडून मैदान मोजून घ्या. मोजणीदार आला. त्याच्याजवळ जमीन मोजायची लोखंडी साखळी होती, बावीस वारांची. एका फेरीला अशा वीस साखळ्या भरायला हव्यात. त्यानं दोनदा मोजलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. फेरी साडेएकोणीसच साखळ्यांची निघाली. म्हणजे दोन फेऱ्यांत एक अख्खी साखळी कमी!

मी आणि आप्पांनी एकमेकांकडे पाहिलं. बारा वर्षांपूर्वी ते मैदान आम्ही दोघांनीच आखलं होतं, आप्पांच्या विहिरीवरच्या मोटेचे दोन नाडे, म्हणजे दोरखंड, एकमेकांना जोडून. आदल्या दिवशी कापडाच्या दुकानातल्या वाराच्या पट्टीनं नाडा नीट मोजला, खूण केली. पण सकाळी मळ्यात केळीला पाणी द्यायचं होतं, म्हणून आप्पांनी तोच नाडा मोटेला लावला आणि मग भिजलेला तसाच मैदानावर आणला. ओला नाडा आखडतो, हे तापीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आम्ही दोघे शहाणे! एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या.

आणि त्याच मैदानावर, त्याच वर्षी, आप्पा अर्धा मैल दोन मिनिटांच्या आत धावले होते. दोन मिनिटांना दोन सेकंद कमी. ती राहिलेली साखळी धावायला त्यांना तीन सेकंद तरी लागले असते. फळ्यावरची ओळ खोटी ठरत होती.

दुसरी निवडणूक पंधरा दिवसांवर होती. मणिलालशेठ घाईघाईनं आले आणि आवाज खाली करून म्हणाले, “आप्पा, बारा वरीसमा कोन्ही मोजं नही. आते कसाले बोलनं?” आखणी गुपचूप दुरुस्त करू, फळा तसाच राहू दे, असं त्यांचं म्हणणं. मलाही ते मनातून पटलं होतं. माणूस पुण्याला पहिला आला होता, ते काही खोटं नव्हतं. एवढ्याशा नाड्यासाठी त्याची अब्रू का घालवायची?

त्या संध्याकाळी आप्पा घरी चालत गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चालत घरी जाताना पाहिलं. वहिनींनी मला निरोप पाठवला की यांना ताप आहे का.

दुसऱ्या दिवशी मीटिंग झाली. शेठनी आपलं म्हणणं पुन्हा मांडलं. आप्पा उठले आणि म्हणाले, “चला, एक राउंड लेऊत.” फेरी नव्या आखणीची होती, पुऱ्या वीस साखळ्यांची. शेठ नेहमीपेक्षा अलीकडेच बसले. ठराव एकमताने मंजूर झाला. काय ठराव, ते आप्पांनी कोणाला सांगितलंच नव्हतं.

सामन्यांच्या दिवशी तुडुंब गर्दी. विरोधकाची जीपही भोंग्यासकट येऊन उभी. आप्पा धोतर, कोट, पांढरी टोपी अशा थाटात माइकपुढे गेले. “भाऊस्वन, फळावर लिखेल शे का मी अर्धा मैल पयना. तो अर्धा मैल एक साखळी कमी व्हता. नाडा मन्हा व्हता, चूक मन्ही शे. ऱ्हायेल साखळी आते पयस.”

कोणाला काही समजेना. आप्पांनी मोजणीदाराची साखळी जुन्या शेवटच्या रेषेपासून सरळ अंथरून घेतली. मला पलीकडच्या टोकाला घड्याळ घेऊन उभं केलं. कोट काढून शेठच्या हातात दिला, धोतराचा काचा मारला, जुन्या रेषेवर पाय ठेवला आणि निघाले!

जिल्ह्याचे सामने म्हणून आम्ही पुण्यासारखी शेवटच्या फेरीची घंटा ठेवली होती. इतक्यात ती वाजवायला बसवलेल्या आमच्या शाळेच्या शिपायानं, रेषेवरून कोणीतरी धावत गेलं म्हणून, सकाळपासूनच्या सवयीनं घंटा वाजवली. आप्पांनी हात जोडले. डोळे मिटले. मान लववली. अख्खं मैदान खदखदून हसत होतं, जीपवाले भोंगा सोडून हसत होते, आणि आप्पा तसेच हात जोडलेले, डोळे मिटलेले, टोपी उडालेली, माझ्या अंगावर येऊन आदळले.

श्वास सावरून म्हणाले, “गुरुजी, टाइम लिखा. पुरा लिखा.”

फळ्यावरची जुनी रंगवलेली ओळ त्यांनी सकाळीच खरवडून घेतली होती. मी खडू घेतला आणि लिहिलं: ‘अर्धा मैल. बारा वर्षं, पाच सेकंद.’

आप्पांनी वाचलं. माझ्या मुठीतलं घड्याळ काढून घेतलं, डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. मग अंगठ्यानं पाच पुसले आणि स्वतःच्या हातानं सहा लिहिले.